हळदीची पोवळी

१८ एप्रिल, सणसर
टिक्. टिक् टिक्. इंदू कळशी उचलायला वाकायची तेव्हा गळ्यातली पोवळ्यांची माळ पितळी काठावर आपटायची. ती जाऊन वर्षं झाली. आज दुपारी डोळा लागला नि पुन्हा तोच आवाज. उठून पाहिलं. कळशी माळ्यावर, माळ ट्रंकेत.
माळेची वेळ आलीच आहे म्हणा. आमच्या घरची नवरी हळदीला हीच माळ घालते. इंदूनं घातली, सूनबाई सुनंदानं घातली. आता नात, मैथिली. "पोरीच्या गळ्यात तुमच्या हातानं घाला," हे इंदूचं शेवटचं मागणं. मी हो म्हटलेलं.

२१ एप्रिल
मालवणहून मै.चा फोन. समुद्रात बुडी मारून प्रवाळ बघायचं तिचं काम. जिवंत कुठलं, पांढरं पडलेलं कुठलं.
"आबा, ती माळ मी घालणार नाही. जिवांची घरं तोडून केलेत ते मणी."
अगं, पण पणजीच्या काळातले. तोडणारेही गेले.
"माझा फोटो बघून चारजणी नवीन घेतील, त्याचं काय?"
सुनंदा मागून, "उसाच्या रानात वाढली, अन् दगडासाठी रडती!"
"दगड न्हाय आई, जीव हाय त्यो."
फोन बंद.

२४ एप्रिल
मै.नं दोन आवाज पाठवले. पहिला जित्या प्रवाळाचा. कढईत मोहरी तडतडावी तसा. शाळेतल्या कवितांत समुद्र नुसता गर्जायचा. त्याच्या पोटात फोडणी चालते हे कुणी सांगितलंच नाही.
दुसरा, पाणी तापून पांढऱ्या पडलेल्या जागेचा. वाटलं, फोन बिघडला. बिघडला नव्हता. कितीतरी वेळ कानाशी धरून बसलो.
संध्याकाळी बोललो. म्हणाली, होड्यांचे नांगर प्रवाळावर पडू द्यायचे नाहीत, लोकांनी पाय ठेवायचा नाही, अडकलेली जाळी सोडवायची. एवढं केलं तर पुन्हा धरतं. "पण पाणीच तापलं तर? वर आपल्या धुरानं ते आंबट होत चाललंय, आबा." मला हसू आलं. खारट समुद्र आंबट कसा होईल!

२७ एप्रिल
कालव्यापर्यंत फिरून आलो. उसाला खत टाकणं चाललेलं. लहानपणी चालीवर घोकायचो, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला. आज त्या चालीत खतही समुद्राला जाऊन मिळालं, नि चाल थांबेचना. घरी येईपर्यंत डोक्यात.

२ मे
हळद तोंडावर. मै. अजून तिकडंच. आईला म्हणाली म्हणे, माळेचा हट्ट असेल तर हळदच नको. सुनंदा माझ्यावर फुगलेली. "तुमीच डोक्यावर चढवली, मामा."
लग्नाची भांडी घासून झाली. चिंचेनं पितळ कसं सोन्यासारखं. मनात आलं, माळही अशीच उजळली तर पोरीचं मन वळेल. उरलेल्या चिंचेच्या कोळात टाकली, वर झाकण. सुनंदाला बोललो नाही.

३ मे
विसरलो. सकाळी झाकण काढलं.
लाल गेलं. पांढरट, खरखरीत, कडा खाल्लेल्या. एक मणी नखानं घासला तर चुन्यासारखी भुकटी.
आंबट पाणी. आणि मी हसलो होतो.
कळशीच्या काठावर माळ आपटून पाहिली. टिक् नाही. काहीतरी बोथट. मग पुन्हा आपटायचा धीर झाला नाही.

४ मे
माळ पंच्यात गुंडाळून उशाखाली. इंदूला काय सांगू? आणि मै. आली तर… पण ती येत नाही. तेच बरं, असंही वाटून गेलं. काय माणूस मी.

तेवढ्यात कडी वाजली. वाटलं मांडववाला. दार उघडलं तर मै.! पाठीवर पिशवी, खाऱ्या पाण्यानं केस राठ झालेले. पाया पडली.
"आबा, आजीला दिलेला शब्द तुमचा. एकदा घालते. फक्त फोटो नको. काढा ती माळ."
ट्रंकेची किल्ली शोधतो म्हणून आत आलो नि हे लिहितोय. किल्ली समोरच आहे. पंचा मांडीवर.
ओसरीवरून हाक येतेय, "आबा, सापडली का?"