'थोडे दिवस' म्हणजे किती

प्रिय ठमाबाई,

तुमचा पाठलाग मला किती महाग पडला ते आधी ऐक. अर्धा दिवस कारखाना बंद, एक मोटर टेबलावर उघडीच पडलेली, चपलेचा अंगठा तुटला आणि वर तुझ्या आईचा तीन दिवस अबोला.

पण माझी तरी काय चूक? महिनाभर तुम्हा मायलेकींचं काय शिजतंय ते कळेना. फोन वाजला की ही दार ओढून गॅलरीत. मी डोकावलो की लगेच, "हो ना गं, भाजी फारच महागलीय." भाजीचा भाव विचारायला तू कधीपासून फोन करायला लागलीस? रस्त्यावरून चालताना पंपाचा आवाज ऐकून आतलं बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगणारा माणूस मी. या कानांच्या जोरावर शून्यातून कारखाना उभा केला. माझ्या कानांतून काही सुटत नाही, हे तर मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो. मला वाटलं, कारखाना विकायला लावून मला घरी बसवायचा तुमचा बेत आहे. म्हणून त्या दुपारी आईच्या मागच्या बसने निघालो, तो थेट तुझ्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, एका खांबाआड.

"बाबा, खांब तुमच्यापेक्षा बारीक आहे," असं तू म्हणालीस तेव्हा शेजारची नर्सदेखील हसली. मी नाही हसलो. आई तपासणीच्या खोलीत होती.

मग तू मला प्रयोगशाळेत बसवून बारा वर्षांच्या नोंदी दाखवल्यास. गर्भाशयाच्या, बीजकोशाच्या गाठी. चाळिशीतल्या बायकांच्या बहुतेक साध्या, निरुपद्रवी. पण पाळी थांबून वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त जायला लागलेल्यांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर तुमच्याकडे दरवर्षी जास्त सापडतोय. आणि 'त्रास केव्हापासून' या रकान्यात त्याच बायकांचं एकच उत्तर: थोडे दिवस. त्यांनाच पुढे एकटीला गाठून विचारलं की निघायचे महिने. पहिल्या वेळी नवरा सोबत असेल, तर 'थोडे दिवस' हमखास.

"म्हणून मला टाळलंत? मी काय तिला खाणार होतो?" मी आवाज चढवला. तू नुसतं पान उलटलंस.

आधीच्या तपासणीचं उत्तर तू मला तिथेच शांतपणे सांगितलंस. कॅन्सर आहे, पण अस्तरातच दिसतोय, मंगळवारी ऑपरेशन. त्या शांतपणाचा मला संशयच आला. फोनवर विचारलं असतं, पण माझा आवाज फाटलेला तुला लगेच कळला असता. कान माझेच घेतलेस ना.

पत्र लिहायचं कारण वेगळंच. आईच्या कागदावरचा तो रकाना तुम्ही कोराच ठेवलाय, कारण तुलासुद्धा ती "थोडे दिवस"च म्हणाली. काल अबोला सुटला. मी मोटर जोडत होतो, ती समोर येऊन बसली आणि स्वतःहून बोलली. सात महिने. सर्जनबाईंना तेवढं कळव आणि रकान्यात लिही.

सात महिने ती रोज पहाटे उठून मोरीत कपडे धूत होती. मोरीचा नळ माझ्या उशीपासून चार पावलांवर आहे.

तुझाच,
बाबा