आईचा आवाज कुणाच्या नावावर

भवानी पेठ, सोलापूर
१६ जून २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि नणंदेचं बोलणं गोठ्यापर्यंत ऐकू जातं. पत्र तू एकटीने वाचशील अशी आशा आहे. मानसिंगला दाखवलंस तरी हरकत नाही. माझा धाकटा भाऊ असला तरी साठीचा झाला आहे, सोसेल.

परवा आमचा चुलतभाऊ इंद्रजीत येऊन गेला. चहा संपेपर्यंत तुमच्या नव्या पेटीचं कौतुक. म्हणे सीडी प्लेअर माळ्यावर टाकला, त्याच्या जागी गाण्यांचा कॉम्प्युटर बसवला, घरातल्या साऱ्या सीडी त्यात उतरवल्या. आता मोबाईलवर बोट लावलं की स्वयंपाकघरात एक गाणं आणि ओसरीवर दुसरं. पडदा नाही, कळा नाहीत, नुसता पोळ्यांच्या डब्याएवढा काळा ठोकळा. मी विचारलं, मग गाणं दिसतं कुठे? तर म्हणाला, अक्का, गाणं दिसतंय व्हय कुटं. त्या उलट प्रश्नाचा राग अजून आहे.

तुमचा सीडी प्लेअर आणि माझा, दोन्ही आम्ही एकाच दिवशी नव्या पेठेतून आणले होते. माझा चालतो. मी वस्तू पुसून ठेवते.

आता मुद्दा. तू आईची सीडी मागशील, म्हणून आधीच सांगते, मिळणार नाही. आमच्या ह्यांनी आईला हाताला धरून स्टुडिओत नेलं, नागपंचमीची गाणी गाऊन घेतली आणि त्यातून निघाली ती ही एकच सीडी. आई गेल्यापासून दर पंचमीला तुम्ही सगळे ती ऐकायला माझ्याकडे येता. एरवी माझा जिना कोण चढतं? हे गेले, शाळा सुटली, मुलगा बंगळुरूला. आईचा आवाज तुमच्या पेटीत गेला की तुम्हाला सोलापूरला यायला कारण उरणार नाही. आडून बोलायची मला सवय नाही म्हणून स्पष्ट लिहिलं.

तुझ्या लेकीला, पायलला, आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे. वाढवला नाहीस तरी चालेल, कमी करू नकोस.

हेमावती


मोहोळ
२४ जून २०२५

ती. वन्सं यांस,
रेश्माचा शि. सा. न. वि. वि.

पत्र एकटीनेच वाचलं, आणि मग यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सोसलं त्यांनी. एवढंच म्हणाले, अक्का शाळेतनं रिटायर झाली, पण शाळा काय तिच्यातनं रिटायर झाली न्हाय.

पाऊस बरा आहे, उडीद पेरून झाला. साखर कारखान्यातून सुटल्यापासून यांच्या हाताला काम नव्हतं, नुसते माझ्या भाजीत मीठ कमी की जास्त ते बघत बसायचे. आता चष्मा लावून एकेक सीडी पुसतात आणि पेटीला चारतात. विकतच्या सीडींची नावं ती पेटी इंटरनेटवरून आपसूक आणते. गावच्या भजनी मंडळाची, घरच्या लग्नांची नावं मात्र हातानं घालावी लागतात. ते काम माझ्याकडे, कारण यांना मराठी टाइप करायला अर्धा दिवस लागतो.

वन्सं, जिना चढायला आम्हाला कारण लागतं असं तुम्हाला का वाटलं? मी आजवर बोलले नाही, पण पंचमीला लेक माहेरी येते आणि आपल्याकडे माहेर लेकीकडे जातं. तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, गेल्यापासून तुम्ही या घराचा उंबरा ओलांडला नाही. बायका मला विचारतात, नणंद का गं येईना, भांडलीस व्हय तिच्याशी? त्यांना मी काय सांगू?

आणि सीडीसुद्धा म्हातारी होते. यांच्या चारपाच सीडींवर पांढरे डाग पडलेत, त्या आता बोलत नाहीत. तुमचीही एक दिवस बोलायची बंद झाली तर तुमच्याकडेही काही नाही आणि आमच्याकडेही. यंदा पंचमीला तुम्हीच या. रागावलात तरी या, इथं येऊन रागवा.

तुमचा लोभ कडक असतो, पण असतो. तसाच असावा.

आपली,
रेश्मा


भवानी पेठ, सोलापूर
१८ जुलै २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात माझ्या मशीनने आईचं गाणं मध्येच अडकवलं. एकच अक्षर पुन्हा पुन्हा, उचकी लागल्यासारखं. मी बटण बंद केलं आणि सीडी पुसून पाकिटात ठेवली. तुझ्या लिहिण्याने ते झालं असं मी म्हणत नाही, पण वेळ तू बरोबर साधलीस.

पंचमीला येते. सीडी कुरियरने पाठवणार नाही, मांडीवर घेऊन एसटीने आणेन आणि परत घेऊन जाईन. इंद्रजीतला प्रत द्यायची नाही. पुरणाची दिंडं आई करायची तशी कर. जमली नाहीत तर तसं सांगेन.

स्टँडवर मानसिंगला पाठव, माया तिथपर्यंत आली तरी पुरे.

हेमावती


भवानी पेठ, सोलापूर
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,
आ. वि. वि.

दिंडं चांगली झाली होती. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून वन्सं नुसत्या कुरकुरतात असं म्हणायला नको.

सीडी तुमच्या पेटीत गेली आणि अंगणात आईचा आवाज आला तेव्हा मी उठून आवाजाच्या जवळ गेले. माझ्याकडे ती लांबून गाते. तुमच्याकडे दोन ओळींमध्ये घेतलेला तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. ते मला आवडलं नाही. फेर धरलेल्या बायका तुला म्हणत होत्या, तुझ्या सासूचा आवाज किती गोड. माझ्या आईचा, असं कुणी म्हटलं नाही. मला पाट मांडलात, ओटी भरलीत, पाहुणीचं सगळं केलंत. पाहुणीचंच.

पायलने माझ्या मोबाईलमध्ये तुमच्या पेटीचं ॲप घालून दिलं. आत्या, आता घरी बसून आजीला ऐक, म्हणाली. काल दुपारी उघडलं. शोधायच्या जागी आई लिहिलं. काही नाही. तिचं नाव, बजाबाई, लिहिलं. काही नाही. आडनावासकट लिहिलं, तरी नाही. मग सगळी यादी बोटाने खाली सरकवत गेले. नजर भिरभिरली, अर्ध्या ओळी निसटल्या, पण भजनी मंडळ दिसलं, ट्रॅक्टरबरोबर फुकट मिळालेली जाहिरातीची सीडी दिसली, उसावरच्या किडीचं व्याख्यानही दिसलं. किडीला जागा आहे, आईला नाही.

मला बोलावलंत, सीडी घेतलीत, चारचौघींत मिरवलीत आणि पुसून टाकलीत? की ठेवलीत, पण मला सापडू नये अशी? घर तुझं झालं, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. आईची शेवटची वर्षं तुझ्या वाट्याला आली, तेही गिळलं. माझ्याकडे तिचा आवाज तेवढा होता. तो घेऊन तू काय केलंस ते उलट टपाली कळव.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.

हेमावती


मोहोळ
६ ऑगस्ट २०२५

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याबाई असं लिहून शोधा. सगळी गाणी तिथं आहेत.

गाणाऱ्याचं नाव काय, असं पेटीने विचारलं आणि माझ्या बोटांनी तेच लिहिलं. लग्न होऊन आल्यापासून सासूला दुसरी हाकच मारली नाही. बजाबाई कशी लिहू? त्यांच्या माघारीसुद्धा सुनेने सासूचं नाव घ्यायचं म्हणजे हात चालत नाही. तुम्ही आई म्हणून शोधाल हे माझ्या ध्यानात आलं नाही. चूक झाली, पण लपवाछपवी नव्हती.

आता तुम्ही ते नाव उघडाल तेव्हा सीडीच्या गाण्यांखाली आणखी गाणी दिसतील. ती मी मोबाईलवर घेतलेली आहेत, आत्याबाईंच्या आजारपणातली. यांनी माझा मोबाईल पेटीत रिकामा केला तेव्हा तीही गेली, मी ती त्याच नावाखाली ठेवली. मी ती कुणाला ऐकवलेली नाहीत, यांनासुद्धा. तुम्हाला आता दिसणारच, तर आधी माझ्याकडून ऐका.

त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मी न्हाऊ घालायची, भरवायची, आणि त्या मला हेमा म्हणायच्या. पहिल्यांदा मी सांगितलं, मी रेश्मा. तर रडायला लागल्या, माजी हेमा कुटं गेली म्हणून. त्यानंतर मी हेमाच झाले. पंचमीच्या गाण्यात लेकीचं नाव घालतात ना, तिथं प्रत्येक वेळी हेमाच आहे. एकाही गाण्यात मी नाही वन्सं. लई शोधलं.

तुम्ही द्राक्षं घेऊन भेटायला यायचात तेव्हा त्या मला विचारायच्या, ह्या बाई कोन हायत? आणि तुम्ही माझ्याकडे असं बघायचात, जसं काही मीच त्यांना शिकवून ठेवलंय. तेव्हा सांगावंसं वाटायचं, की बाई, दिवसभर तुमचंच नाव चाललंय इथं. सांगितलं नाही. राबायचं मी आणि नाव तुमचं, याचा मला हेवा वाटायचा. गाणी दाबून ठेवली तीही त्यामुळेच.

तुम्ही रागवाल. मी मागच्या पत्रासारखं इथं येऊन रागवा म्हणत नाही, तिथूनच रागवा, पण माया तोडू नका.

आपली,
रेश्मा


भवानी पेठ, सोलापूर
१४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रेश्मा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

ऐकली. सगळी ऐकली, मग पुन्हा ऐकली. वरची हेमावती मावशी का रडते म्हणून खालच्या मजल्यावरची सोनाली वर आली होती, तिला कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. घरात कांदा नव्हता.

एका गाण्याच्या मध्येच आई थांबते आणि विचारते, हेमा, जेवलीस का? मागून उत्तर येतं, व्हय आई, जेवले. तो आवाज तुझा आहे. आई असं तू तिला तेवढंच म्हटलेलं मला सापडलं. उत्तर ऐकून ती समाधानाने पुढचं कडवं धरते.

ते उत्तर माझं होतं. ते द्यायला मी तिथे नव्हते आणि तू दिलंस. मला तुझा भयंकर हेवा वाटला. अजून वाटतो आहे, आणि पत्र लिहून तो जाईल असं दिसत नाही. तुला वाटतं गाणी माझ्यासाठी आहेत, कारण त्यात माझं नाव आहे. नाव माझं असेल. पण तिने हाक मारली की जी उठून जवळ जायची, तिच्यासाठी ती गात होती. ती मी नव्हते.

आत्याबाई हे नाव बदलू नकोस. मला शोधता येतं आता. पण तू मोबाईलवर घेतलेल्या गाण्यांना नावच नाही, नुसते आकडे आहेत. मानसिंगला विचारलं, तो म्हणाला नाव घालता येतं. तर घाल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, हेमासाठी गायलेली गाणी असं काहीतरी लिहून मोकळी होशील. तसं करायचं नाही. रेश्मासाठी गायलेली गाणी, असं लिही. हे सांगताना मला आनंद होतो आहे असं समजू नकोस.

ॲप माझ्याकडे आहे. रविवारी उघडून बघणार आहे.

लोभ आहेच, तो विचारायला नको.

हेमावती