जास्तीची पट्टी

सोमवार, ३ फेब्रुवारी
पुन्हा निळी स्क्रीन! सकाळपासून तिसऱ्यांदा. शाळेच्या नव्या इमारतीचे नकाशे शुक्रवारी द्यायचेत आणि हा कॉम्प्युटर जिना काढता काढता मान टाकतोय.

सगळी धाकट्या भावाची करणी. कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्ती करतो म्हणून स्वतःला ब्रह्मदेव समजतो! गेल्या आठवड्यात मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या बसवल्या, सेटिंग बदललं. वर प्रवचन – "ताई, नुसता वेग बघायचा नाही. मागितल्यावर माहिती हातात पडायला किती थांबावं लागतं, तेही बघायचं. मी दोन्ही जुळवलंय. आता बघ कसा पळतो!"

पळाला की. चार दिवस! परवा मी जुन्या कॉम्प्युटरची पट्टीही आत खोचली, म्हटलं तेवढाच हातभार. तर कालपासून हे रडगाणं!

मंगळवार, ४
फाइल खराब. दुसरा मजला गेला. अख्खा!!

बुधवार, ५
धाकटा आला. झाकण उघडलं, आत डोकावला. "ताई, ही तिसरी –"

"एक अक्षर बोलू नकोस! झाकण लाव आणि नीघ."

गेला. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. मग त्याच्या मालकाला फोन लावला. असल्या माणसाच्या हातात लोकांची यंत्रं देता? चांगलं खडसावलं! जिवाला जरा बरं वाटलं.

गुरुवार, ६
भावजयीचा फोन. त्याला कामावरून काढलं. "ताई, का काढलं ते हे सांगतच नाहीत हो. तुम्हाला काही बोलले?"

नाही म्हटलं. पण मी काय नोकरी घालवा म्हटलं होतं? मालकाचंच डोकं फिरलंय!

शुक्रवार, ७
सकाळीच दुकानातली मेकॅनिक बाई दारात. न बोलावता. पाच मिनिटांत जुनी पट्टी उपसून माझ्या हातावर ठेवली. "ही कोणी घातली? वेग नव्या पट्ट्यांच्या मानाने ठरवलाय. हिला तो झेपत नाही, मग मागितलं एक की देते भलतंच. बाकी सेटिंग एकदम चोख आहे."

मी घातली. मी! बुधवारी तो तेच सांगत होता. मूर्ख बाई, मूर्ख, मूर्ख!

दुसरा मजला पुन्हा काढला. नकाशे संध्याकाळी गेले.

शनिवार, ८
दुकानात गेले. मालकाला म्हटलं, चूक माझी होती.

तो म्हणाला, "मी विचारलं होतं त्याला. माझंच चुकलं म्हणाला. जाताना एवढंच बोलला – ताईकडे कोणाला तरी पाठवा, शुक्रवारी तिचे नकाशे जायचेत."