घेतो, घेऊ, घेऊन राहिलो

३ नोव्हें., सोम.
शोभा हिंगण्याहून कंपनीच्या बसने परस्पर इकडेच. चप्पल काढायच्या आत बोलायला सुरुवात. अकरा वर्षं कारखान्यात पॅकिंगला असलेली माझी धाकटी बहीण आता मशीन चालवणार म्हणते. बेसा भागात एक खासगी संस्था आहे, सीएनसी (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरचं सर्टिफिकेट, सहा महिने, वर्ग संध्याकाळी. फीपायी तिची सगळी शिल्लक जाणार, ओव्हरटाइम बंद. बदल्यात काय, तर सुपरवायझर डोंगरे म्हणाला, "सर्टिफिकेट आणा, मशीनवर घेतो."
मी : घेतो म्हणाला, की घेईन?
शो. : काय फरक पडते?
पडतो. इतवारीतले व्यापारी मला "फोन करतो" म्हणतात. तुरीचे भाव पेपरला पाठवू लागल्यापासून त्या फोनांची वाट पाहतो आहे.

५, बुध.
संस्था पाहून आलो. निम्मी जागा स्वागतकक्षानेच खाल्लेली. मशीन एक, तेही प्लास्टिकच्या बुरख्यात. "चालवून दाखवा" म्हटलं. "सर, बॅच सुरू झाली की." भिंतीवर ठळक अक्षरांत 'नोकरी-सहाय्य'. व्याकरणाच्या जुन्या सवयीने विग्रह करून पाहिला. नोकरीसाठी सहाय्य, नोकरीत सहाय्य, नोकरीऐवजी सहाय्य. तिसरा बरोबर बसतो.
निघताना काउंटरवरची मुलगी विश्वासाने म्हणाली, "हिंगण्याचे डोंगरे आमच्या सरांचे साडू आहेत." तिला ते गुणवत्तेचं लक्षण वाटत होतं.
म्हणजे एक साडू पाठवणार, दुसरा फी घेणार.

८, शनि.
शो.ला साडूची बातमी मोठ्या थाटात सांगितली.
"माहीत आहे मले."
"मग?"
"मग काय? कोणाचा तरी साडू असतेच ना गा दादा माणूस."
वर तिने मलाच समजावलं. सरकारी आयटीआयतही संध्याकाळचा वर्ग आहे, फी किरकोळ, मशीनही चालतं. "पण शिफ्ट कोण लावते? डोंगरे. त्याच्या साडूकडे गेली तर सहा महिने पहिली शिफ्ट देईन तो. सरकारीत गेली का सेकंड. मग संध्याकाळी वर्गात काय माझी चप्पल बसन?"
मी उठून चहा केला.

११, मंगळ.
बाळ्याला फोन. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर झोपायचा, आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप. सगळं सांगितलं.
"सर्टिफिकेट कोण पाहते बे? मी हातात व्हर्निअर देतो, माप काढ म्हणतो."
खूश झालो. फोन ठेवणार, तेवढ्यात—
"पण बाई असली ना, तर सर्टिफिकेटशिवाय मशीनजवळ उभं नाही करत कोणी. मीबी नाही करत, खोटं काहून बोलू? अन् आणायचं तर सरकारी आण. साडूवाल्याचं वहिनीले दे, डब्याखाली ठेवाले होईन."
म्हणजे पुरुषाला कागद निरुपयोगी आणि बाईला अनिवार्य. हा नियम कोणत्या व्याकरणात शिकवत असतील?

१३, गुरु.
शो.ने काल कँटीनमध्ये, सगळ्या पॅकिंगच्या बायांसमोर, डोंगरेला सरळ म्हटलं, "साहेब, घेईन म्हणा."
"घेऊ ना."
अनेकवचन. यात तो आणि कोण? मॅनेजर? साडू?
आज पुन्हा विचारलं. वैतागून, "घेऊन राहिलो ना बाई!"
ही आमची खास नागपुरी चालू क्रिया. आदि नाही, अंत नाही. थोडक्यात, ब्रह्म. शो.ला हे सांगितलं तर म्हणे, "तू चूप बस गा. पोरी हसत होत्या मले."

१४, शुक्र.
डोंगरेचा फोन, थेट मला! आवाज साय आल्यासारखा. "सर, तुम्ही पेपरात आहात म्हणे." (बाजारभावात, हे सांगितलं नाही.) "ताईंचं होऊन जाईल."
भविष्यकाळ आला एकदाचा. पण कर्ता बेपत्ता.
"कोण करणार?"
"होऊन जाईल सर."
संध्याकाळी शो.ला नक्कल करून दाखवली. खूप हसली, पदर तोंडाला लावून. मग एकदम थांबली.
"म्हणजे नाहीच घेत तो."
आठवडाभर मी हेच पटवत होतो. पटल्यावर तिचा चेहरा पाहवेना. आणि डोंगरे खरा निघाला असता तर? माझ्या शंकेला कोणी पगार देत नाही, तिची मात्र अकरा वर्षं पणाला.

१६, रवि.
शो.ने काल सरकारी वर्गात नाव घातलं. मला न विचारता. कारखान्यातून निघताना डोंगरेला स्वतःच सांगून आली, हे मला अजून पटत नाही. गप्प राहून चाललं नसतं का? "चोरून शिकू का मी?" म्हणाली.
त्यावर तो काय म्हणाला? "बरं." एवढंच. या वेळी क्रियापदच नाही.
उद्या संध्याकाळी सहाला पहिला वर्ग. शिफ्टचा बोर्ड उद्या सकाळी लागणार. आमच्याकडेच जेवली, वांग्याची भाजी दोनदा घेतली. भांडी विसळताना विचारलं, "सेकंड शिफ्ट निघाली तर?"
पाठमोरीच बोलली. "तर पॅकिंग सोडते मी."
सोडते.
"सोडेन म्हण," असं मी तिला म्हटलं नाही.