हॉलमध्ये एक जण डोळे उघडे ठेवील

मी राजेश्वर ईश्वरअप्पा हालगे, वय ५७, धंदा मोटार वाइंडिंग, शिक्षण नववी नापास व पुढचे सगळे स्वतःचे स्वतः, राहणार पाथरी, हे लिहून ठेवतो की माझे डोके जागेवर आहे, हात कापत नाही आणि बाजूला बसून मला कोणी सांगत नाही. हृदयात दोन ठिकाणी अडथळा निघाला आहे. डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली लिहिले, 'रोज वीस मिनिटे ध्यान.' पाथरीत ध्यान पहिल्यांदा शिकवले मी. ते मलाच लिहून मिळाले.

१. समोरचे दुकान व त्यातील सर्व हत्यारे धाकट्या भावाचा मुलगा वैभव यास. तारेची जाडी मोजायचे गेज उसने देऊ नये. वेढे मोजताना कोणाशी बोलू नये. एक वेढा चुकला तर मोटार जळते. चित्त एका जागी ठेवणे मी कोणा गुरूकडे शिकलो नाही, या वेढ्यांवर शिकलो.

२. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी रुद्राणी हिला, मुक्काम चुडावा. तिने येथे राहावे अशी अट नाही. विकायचे तर विकावे, कोणाला विचारू नये.

३. ध्यानाच्या हॉलमधील पहिल्या रांगेतली गादी किराणावाले किशनराव यांना. बारा वर्षांपूर्वी हेच भर रस्त्यात ओरडले होते, "काय गुरुजी, दिवसाढवळ्या डोळे झाकून बसायलाव, मोटारी कोण भरायलंय?" आता बीपी उतरले म्हणून सगळ्यांच्या आधी येतात. घोरतातही. माझा राग गेलेला नाही, पण गादी त्यांचीच.

४. मागचा पत्र्याचा हॉल. याबद्दल सविस्तर लिहितो.

माझी पत्नी गौराबाई सातव्या वर्षापासून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायची. मी वर्ग काढला तेव्हा म्हणाली, "तुमी आता शिकायलाव. आमच्या आईनं मला परकर नीट नेसता येत नव्हता तवा बसवलं." आमच्या लिंगायत घरात रीत आहे, लिंग हातावर असेपर्यंत माणसाला शिवायचे नाही, हाक मारायची नाही.

२८ ऑगस्ट २०२३, श्रावणातला दुसरा सोमवार. वर्गाला एकतीस माणसे होती. ती समोर बसली होती. वीस मिनिटांनी घंटा झाली, सगळ्यांनी डोळे उघडले, तिने उघडले नाहीत. मी हळू आवाजात म्हणालो, "बघून घ्या. असं बसायला जन्म जातो. कुणी हाक मारू नका." रुद्राणी माहेरी आलेली होती. आतून आली व म्हणाली, "आप्पा, आईचं तोंड वाकडं दिसायलंय." मी म्हणालो, "शू. खाली बस." नंतर पंचवीस मिनिटे गेली. मग लिंग हातातून घरंगळले.

परभणीत डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका, लवकर आणायला हवे होते. ती तिसऱ्या दिवशी गेली. माती देऊन परत आल्यावर रुद्राणी म्हणाली, "तुमी आईकडं बघत नव्हताव, आप्पा. लोकांना दाखवीत होताव." त्यानंतर ती आली नाही. मी चार पत्रे लिहिली. चारही न उघडता परत आली. ती म्हणाली ते खोटे असते तर पाचवे लिहिले असते.

तेव्हापासून वैभव घंटा वाजवतो. वर्ग वाढला आहे. एसटीचे ड्रायव्हर येतात, दवाखान्यातून चिठ्ठ्या घेऊन बाया येतात, त्यांना झोप लागते. ध्यान खोटे आहे असे मी लिहिणार नाही. मी डोळे मिटले की ते वाकडे तोंड दिसते, म्हणून मी बसत नाही, एवढेच.

हॉल वर्गाकडे राहील, या अटीवर की रोज एक जण डोळे उघडे ठेवून बसेल, दर पाच मिनिटांनी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून नाव विचारील, आणि उत्तर आले नाही तर १०८ ला फोन करील. लिंग हातावर असले तरी. वर्गात हे सांगितले तेव्हा किशनराव म्हणाले, "मग ते ध्यान कसलं गुरुजी, हजेरीच की!" सगळे हसले. महिनाभर पाळतील, पुढे सोडून देतील, हे मला दिसते आहे. तरी अट लिहिली. अट मोडली की हॉल रुद्राणीचा.

हॉलला गौराबाईचे नाव देण्याचे घाटत आहे. देऊ नये. फोटोही लावू नये.

५. आमच्यात मेलेल्या माणसाला खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातावर लिंग देतात. मला आडवे निजवावे. विधी करणारे स्वामी ऐकणार नाहीत. वैभवने एकदा सांगून पाहावे, भांडू नये.

६. रुद्राणीला फोन करावा. उचलला नाही तर जावयांना करावा. चुडाव्याहून रेल्वेने परभणी व तिथून एसटीने पाथरी, तीन तास लागतात. माती द्यायला तीन तास थांबावे. चौथा थांबू नये, लोक उन्हात ताटकळतात. ती आलीच आणि लांब उभी राहिली तर पुढे ये म्हणू नये.

वरील सहाही कलमे मी स्वतः लिहिली, दोनदा वाचली, कुठे खाडाखोड नाही. खालील दोघांच्या देखत सही केली. या कागदातून त्यांना काही मिळत नाही.

सही : राजेश्वर ईश्वरअप्पा हालगे

साक्षीदार :
१) आप्पाराव ग्यानोबा शिंदे, पाथरी (सही)
२) हरिओम विश्वनाथ कोरे, देवगाव फाटा (सही)

ठिकाण : पाथरी, जि. परभणी
तारीख : ११ जानेवारी २०२६