शनिवारचा फसलेला तास

प्रिय आई,

काल फोन आधी तू ठेवलास की मी, ते आता आठवत नाही, पण दोघींचाही आवाज चढला होता एवढं खरं. दोन ओळींचं माफीपत्र लिही आणि मोकळी हो, असं तू म्हणालीस. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून लिहिते आहे आणि दादाच्या हाती पाठवते आहे. आता तुला सगळं ऐकून घ्यावंच लागेल.

तुझ्यापर्यंत ही गोष्ट मावशीच्या तोंडून आली आहे, आणि मावशी म्हणजे राईचा पर्वत. आमचा शिक्षकांचा ऑनलाइन गट तुला माहीत आहे. चकाट्या पिटायची जागा म्हणतेस तू त्याला. एकमेकांना कधी न भेटलेले, गावोगावचे शिक्षक आहोत आम्ही. तिथे एक रीत आहे. दर शनिवारी एकाने आपला फसलेला तास सगळ्यांना ऐकवायचा. जमलेला नाही, फसलेला. जमलेले तास मिरवायला तपासणीचा दिवस आहेच की! ऐकणाऱ्यांनी शाबासकी द्यायची नाही, सल्लाही द्यायचा नाही. आधी फक्त प्रश्न विचारायचा.

माझ्या पाळीला मी चौथीचा अपूर्णांकांचा तास दिला. पालकांना विचारून रेकॉर्ड केलेला, नुसता आवाज. मुलांचे चेहरे नाहीत, नावं नाहीत. पट्ट्या कापून मी घसा फोडून सांगत होते की एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा लहान, आणि वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणत होता. चाचणीत निम्म्या वर्गाने उलटं लिहिलं. गटात एक बाई आहेत. त्यांच्याकडे नेटवर्क फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की मिळतं, म्हणून आम्ही त्यांना टाकीवरच्या बाई म्हणतो. त्यांनी एवढंच विचारलं, की मध्येच एक मुलगी काहीतरी म्हणाली ते ऐकलंत का? मी परत लावून ऐकलं. माझ्या आवाजाखाली दबलेला एक बारीक आवाज होता, ‘पण बाई, चारमध्ये तुकडे जास्त होतात ना.’ आई, ती मुलगी अगदी माझ्या टेबलासमोर बसते, आणि मी आपली फळ्याशी बोलत होते! मग आणखी एकाने विचारलं, तुकडे मोजायला देण्याऐवजी वाटून घ्यायला दिले तर? सोमवारी मी एका बाकावर दोघं बसवली, दुसऱ्यावर तिघं, दोन्हीकडे सारखंच एकेक चॉकलेट ठेवलं आणि त्या मुलीला म्हटलं, वाटून खायचं आहे, कुठे बसायचं ते तू ठरव. ती धावत दोघांच्या बाकावर तिसरी जाऊन बसली, चौघांपेक्षा तिघांत तुकडा मोठा म्हणून, आणि बसल्याबसल्या तिने कपाळावर हात मारून घेतला. ते पाहायला तू हवी होतीस.

कुणीतरी तो तास आमच्या मुख्याध्यापकांना नेऊन ऐकवला. त्यांनाही ती मुलगी ऐकू आली नाही. आपल्या शाळेची शिक्षिका चारचौघांत ‘माझा तास फसला’ म्हणते, एवढंच ऐकू आलं. शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणे. उद्या सकाळी माफीपत्र द्यायचं आणि गट सोडायचा, नाहीतर चौथीचा वर्ग काढून घेऊन मला कार्यालयात दाखले लिहायला बसवणार. ते तसं करू शकतात. मला भीती वाटते आहे, तुझ्यापासून काय लपवू? वर्गाशिवाय मी काय करीन ते मला खरंच कळत नाही. पण माफी मागणार नाही म्हणजे नाही. चुकले, ते सांगितलं, सुधारलं. यात माफी कसली?

मी नोकरीला लागले तेव्हा तू सांगितलं होतंस, वर्गाचं दार लावून घ्यायचं, आतलं बाहेर कळता कामा नये. तू शाळेत शिकवायचीस त्या काळी ते बरोबर असेलही, बाहेर कान देऊन उभे असायचे ते तपासणारेच. पण त्या बंद दाराचं ओझं आम्ही घरात पाहिलं आहे. स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली की दादा मला खुणेने सांगायचा, आज बाईंचा तास बिघडलाय, गुपचूप अभ्यासाला बस. बाबा बिचारे आपला चहा आपणच करून घ्यायचे. तू मात्र कुणाशी बोलायची नाहीस, शेजारच्या वर्गातल्या बाईंशीसुद्धा नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पेपर तपासताना तू स्वतःशीच पुटपुटलीस. सहाशे बाराला सहाने भागलं की पोरं बारा लिहितात, मधलं शून्य गिळतात. जन्मभर हे शून्य शिकवलं मी, आणि जन्मभर पोरांनी ते गिळलं. मग तू कितीतरी वेळ चष्मा पुसत बसलीस.

माफीपत्रासाठी शाळेने दिलेल्या कागदांवरच हे लिहिते आहे, वाया कशाला घालवायचे? उद्या मी रिकाम्या हाताने मुख्याध्यापकांसमोर उभी राहणार आहे. पण हे पत्र त्यांच्यासाठी नाही आणि तुझ्याशी भांडायलाही नाही. येत्या शनिवारच्या तासासाठी मी गटात तुझं नाव दिलं आहे. हो, तुला न विचारता. विषय, भागाकारातलं शून्य. टाकीवरच्या बाईंचा प्रश्न तर आलासुद्धा. सहा जणांत सहाशे बारा गोट्या वाटल्या आणि प्रत्येकाला बाराच मिळाल्या, तर बाकीच्या कुठे गेल्या, असं मुलांना कधी विचारलं होतंत का? उत्तर मला देऊ नकोस, त्यांनाच दे. शनिवारी त्या टाकीवर चढून तुझी वाट पाहणार आहेत.

तुझीच,
तुझ्याइतकीच हट्टी लेक