कळव्याच्या फाटकावर दिलेला शब्द

प्रिय दादा,

काल कोपरीतल्या आपल्या शाळेने तुझ्या देणगीतून बांधलेल्या सभागृहावरची तुझ्या नावाची पाटी उतरवली. बाबांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते गेले. मी सोबत होते.  घरी आल्यावर मला राहवेना. तुझ्याशी नाही तर कुणाशी बोलू?

किती अभिमान होता रे तुझा त्यांना! दोन खोल्यांत वाढलेला मुलगा बँकेत लागला, शेअर बाजारात उतरला आणि पुढे कंपन्याच विकत घ्यायला लागला. पेपरात तुझा फोटो आला की बाबा शेजारीपाजारी दाखवून यायचे.

मग तू कळव्याचा कारखाना घेतलास. बाबांची उभी हयात ज्यात गेली, तोच. फाटकावर उभा राहून कामगारांना म्हणालास, "मी तुमच्यातल्याच एकाचा मुलगा. कुणालाही घरी बसवणार नाही." त्यांनी विश्वास ठेवला तो बाबांकडे बघून. दिवाळीआधी कारखाना बंद, जागा बिल्डरला. त्यानंतर बाबांनी कळव्याला जाणंच सोडलं.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. कंपन्यांचे नफे खोटे फुगवून शेअर विकलेस, म्हणून अटक झाली. टीव्हीवर तू रुमालाने तोंड झाकून गाडीत बसत होतास. मी रिमोट घ्यायला गेले तर बाबांनी हात धरला. शेवटपर्यंत बघत राहिले.

जामिनावर सुटलास तो थेट कोपरीला आलास. वहिनी तुमच्या इराला घेऊन डोंबिवलीला माहेरी गेली होती. मी ताटं घेतली. बाबांनी एवढंच विचारलं, "फाटकावर बोललास, तेव्हाच ठरलेलं होतं का रे?"

तू मान खाली घालून म्हणालास, "हो."

बाबांनी तुझ्या ताटात भात वाढला. "जेव," म्हणाले.

वाटलं, आता तू कळव्याच्या त्या कामगारांनाही भेटशील. जाईन म्हणालाही होतास. पण त्याआधीच तुझं हृदय थांबलं. थोडी घाई का नाही केलीस, दादा? की तुला तेवढा धीर झालाच नसता?

आज सकाळी इराचा फोन आलेला. तुझी लेक विचारत होती, "आत्या, बाबा वाईट होते का गं?" येते तुझ्याकडे, म्हटलं.

रविवारी तिच्याकडे जाणार आहे. तिला खोटं सांगणार नाही, दादा. तू केलंस ते सगळं सांगेन. ते ऐकूनही तिला तुझी आठवण आली, तर रडू नकोस म्हणणार नाही. तिच्याजवळ बसून राहीन.

तुझी,
सुमा